मावशींची पावलं

इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या शिवणखोलीत मास्तर एकवीस वर्षं एकटे काम करत होते. फाटक्या चादरींना ठिगळं, उशांचे अभ्रे, डॉक्टरांच्या कोटांची बटणं. सकाळी खुर्चीत बसले की जेवायलाच उठायचे, आणि डबाही मशीनच्या फळीवरच उघडायचे.

साखर वाढली तेव्हा परगावी राहणाऱ्या लेकीनं त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारी पट्टी बांधली.

"बाबा, रोज पाच हजार पावलं. आकडा मला माझ्या फोनवर दिसणार आहे. तेव्हा नुसतं चालायचं, चालूपणा चालायचा नाही!"

पहिल्या दिवशी नऊशे झाली, दुसऱ्या दिवशी सातशे. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. ती ओरडली नाही, फक्त म्हणाली, "माझ्यासाठी तरी चाला हो." मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कपड्यांची गाडी ढकलत मावशी दिवसातून दहा वेळा शिवणखोलीत यायच्या. पाचही मजल्यांवरच्या चादरी गोळा करणं त्यांचं काम. मास्तरांनी पट्टी काढून त्यांच्यापुढे धरली.

"मावशी, एवढी हातात घाला ना. तुम्ही चालताच, त्यात माझं भागेल."

मावशी हसल्या. "घाला. माझं काय जातंय?"

त्या दिवशी आकडा गेला नऊ हजारांवर. लेक फोनवर नाचायचीच बाकी होती. तिनं लक्ष्य आठ हजारांवर नेलं, मग दहा. मास्तर म्हणायचे, "हो गं, सवय झाली आता." पुढे पुढे पट्टी मावशींच्या हातातच राहू लागली. एखाद्या दिवशी आकडा कमी दिसला, की मास्तर हसत सांगायचे, "मावशी, आज लिफ्ट नको. गाडी राहू द्या इथंच, जिन्यानं एक फेरी होऊन जाऊ द्या." आणि मावशी जायच्या.

दोन महिन्यांनी मावशी कामावर यायच्या थांबल्या. तीन दिवस आकडा शून्य. मास्तरांनी लेकीला सांगितलं, जरा कणकण आहे. झालं! चौथ्या दिवशी दुपारी लेक शिवणखोलीच्या दारात उभी.

"ताप बघू." तिनं हात हातात घेतला. मनगट मोकळं होतं. "पट्टी कुठाय?"

मास्तर सुईकडे बघत राहिले. मग तिच्याकडे न बघताच सगळं सांगून टाकलं.

लेकीनं मशीनवरचा दिवा बंद केला. "चला," ती म्हणाली, "घेऊन येऊ."

मावशींचं घर चार गल्ल्या सोडून. तेवढ्यात मास्तर तीनदा थांबले, एकदा तर कुणाच्या तरी पायरीवर बसले. लेक शेजारी उभी राहिली, पण हात पुढे केला नाही.

मावशी बादलीत पाय सोडून बसल्या होत्या. टाचा भेगाळलेल्या, घोटे सुजून टम्म झालेले. लेकीला बघून त्यांनी घाईनं पदर सारखा केला.

"ये गं बाय. मास्तर, चुकलंच माझं, तुमची पट्टी इथंच राहिली. दोन दिवसांत उठते, मग भरून काढू." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "एक दिवस तर चौदा हजार झाली! इतकी वर्षं चालतेय, पण कुणी मोजलीच नव्हती."

मास्तरांना वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. रोज दहा वेळा ही बाई समोर येत होती. त्यांनी तिच्या मनगटाकडे बघितलं होतं, पायांकडे कधीच नाही.

"मावशी, ते जिन्याचं..." मास्तर पुटपुटले.

"असू द्या हो," मावशी म्हणाल्या. ते मास्तरांना जास्तच लागलं.

परतताना लेकीनं पट्टी मास्तरांच्या मनगटावर बांधली आणि फोनमध्ये लक्ष्य बदललं. दीड हजार. "हेही जमणार नसेल तर सांगा," ती म्हणाली. "पण खरं सांगा."

पुढचे पंधरा दिवस मावशी रजेवर होत्या. मास्तर स्वतः दुसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन फाटक्या चादरी आणू लागले. वरच्या मजल्यांना दम पुरत नव्हता. लेक आता आकड्याबद्दल काही बोलत नाही. मास्तरच सांगतात, "आज सतराशे," आणि ती "बरं" म्हणते.

मावशी परत आल्या. गाडीचा आवाज आला की मास्तर उठतात, चादरी दारातच उतरवून घेतात. मावशी नेहमीसारख्या गप्पा मारतात. मास्तर मान खाली घालून हूं हूं करतात, आणि त्या गेल्याशिवाय खुर्चीत बसत नाहीत.