काकूंची केशरी साडी आणि काळा गरुड

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथेही अजून मागच्या बाकावर बसतो. एवढ्या वाचलेल्या माणसावर मी लिहावं, हे मलाच धाडसाचं वाटतं. पण आमच्या मंडळातल्या या काकांना पाहून तुम्हीही हसला असतात, म्हणून लिहितो.

काहीही विचारा, काका आधी डावीकडे बघत, मग उजवीकडे, आणि मगच बोलत. "दोन्हीकडे बघावं लागतं," म्हणत. इथे अमेरिकेत, आमच्या श्रूजबरी गावातल्या स्टॉप साइनपाशी तर इतका वेळ बघत, की मागच्या गाड्या हॉर्न मारू लागत.

ही सवय त्यांना एका पक्ष्यामुळे लागली, असं काकू म्हणायच्या. आमच्या मंडळाचा गणपती ग्रीक चर्चच्या हॉलमध्ये बसायचा. तिथल्या भिंतीवर पिवळं निशाण होतं, त्यावर दोन डोक्यांचा काळा गरुड. रिटायर्ड इंजिनिअर असलेले काका त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं वाचून बसले होते.

"पालायोलोगोस! बायझंटाईन बादशहांचं शेवटचं घराणं. बादशहा उभा राही त्या पायाखालच्या उशीवरसुद्धा हे गरुड असायचे." मग कागदी ताटलीत श्रीखंडाने क्रॉस काढून त्याच्या चार कोपऱ्यांत चार 'B' काढत. "हेही त्यांचंच चिन्ह. कुणी म्हणतं अक्षरं, कुणी म्हणतं ठिणगी पाडायच्या चकमकी." एवढं सांगून ते चिन्ह पुरीला लावून खाऊन टाकत.

डेकोरेशन काकूंकडे होतं.

"काळा पक्षी? बाप्पाच्या मागे?" असं म्हणत त्या स्टुलावर चढून निशाणावर आपली केशरी साडी टाचायच्या.

"अगं, यजमानाचं निशाण आहे. ज्याच्या घरी उतरलो, त्याचंच तोंड झाकायचं?"

"तोंडं म्हणा. दोन आहेत."

काका पिना काढत, काकू पुन्हा लावत. आरतीपर्यंत दरवर्षी साडीच जिंकायची.

"नेक्स्ट इयर," काका माझ्या कानात म्हणायचे. "एकदा तरी दोघांना शेजारी बघायचंय रे. एकाला हत्तीचं डोकं, दुसऱ्याला दोन डोकी. कोण कुणाला हसणार?"

एकदा घाबरत घाबरत मी विचारलं, "काका, मी हिस्ट्री घेऊ का? बाबा कॉम्प्युटर म्हणतात."

डावीकडे. उजवीकडे. "दोन्ही घे. त्या गरुडाला डोकी दोन असली तरी पोट एकच आहे. ते कॉम्प्युटर भरेल."

मी दोन्ही घेतलं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात काका गेले. परीक्षा होती म्हणून त्या गणपतीला मला घरी जाता आलं नाही. आईचा फोन आला. मोदक उरले, माइक बिघडला, सगळं नेहमीसारखं झालं म्हणाली. डेकोरेशनलाही काकूच होत्या.

"आणि निशाण? साडी लावली का त्यांनी?"

"कशी लावणार?" आई म्हणाली. "ती केशरी साडी त्या नेसूनच आल्या होत्या."