अण्णांची काळी चार

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. समोरचा "आपोआप झालं हो" म्हणाला की माझं डोकं फिरतं. आपोआप काही होत नसतं, कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. तरी हे लिहितेय... कारण इतक्या वर्षांत उत्तर मिळालं नाही, आणि खरं सांगायचं तर शोधून शोधून मी दमलेय.

हडपसरला आयटी नुकतं येत होतं तेव्हाची गोष्ट. गाडीतळाच्या मागे आमचं दोन खोल्यांचं घर. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यातून निवृत्त झालेले. जन्मभर भीमगीतं गायले. पट्टी काळी चार – पेटीच्या त्या काळ्या पट्टीला सा धरून गायचं. पुरुषाच्या गळ्याला हे फार उंच, आणि अण्णांना अभिमान नेमका त्याचाच. पेटीवर कायम त्यांचे मित्र काशिनाथकाका. काका गेले आणि अण्णांचं गाणं थांबलं. जेवायचे, पेपर वाचायचे, भिंतीकडे बघत बसायचे. मला बघवत नसे.

भीमजयंतीच्या महिनाभर आधी मंडळाची माणसं आली. "अण्णा, एक तरी गाणं म्हणा."

"पेटीला कोण, तुमचा डीजे?"

मी पटकन बोलून गेले, "कॉम्प्युटर साथ करेल." झालं! घेतली ब्याद गळ्यात.

साथीचं सॉफ्टवेअर आणलं, कॉम्प्युटरला जोडायचा सेकंडहँड मिडी कीबोर्ड आणला. इन आणि आउटच्या वायरी उलट जोडल्यामुळे पहिला अख्खा रविवार शांततेत गेला. त्यात तालाचे तयार नमुने ढीगभर – वॉल्ट्झ, बोसा नोव्हा, काय वाट्टेल ते – पण केहरवा नाही! मग कोंगाचे आवाज जोडून ढोलकीसारखं काहीतरी बनवलं. पेटीचे स्वर मी स्वतः वाजवून भरले. ऑफिसात रिलीज, घरी हे. डोळ्यांची आग व्हायची.

आणि तालमीत अण्णा प्रत्येक वेळी अंतऱ्याला अडकायचे. वरचा सा यायचा नाही. ठसका, पाणी, पुन्हा तेच.

"तुझ्या मशीनची पट्टी चढलीय. ही काळी चार नव्हे."

मी स्वर मोजणारा ट्यूनर लावून दाखवला. "अण्णा, मशीन खोटं बोलत नाही. आपण एक पट्टी उतरवू या का? काळी तीन?"

"उतरवायची असेल तर मला नेऊच नकोस." एवढंच म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड.

मला रडूच आलं. चारचौघांत गळा अडकला असता तर हा माणूस पुन्हा कधीच गायला नसता. पण चोरून पट्टी बदलायची हिंमत झाली नाही. काळी चारच ठेवून फाइल सेव्ह केली आणि जयंतीच्या सकाळी सगळं सामान रिक्षात घालून विहाराच्या हॉलमध्ये नेलं.

सुरावट सुरू झाली. अण्णांनी सा धरला. अंतरा आला... आणि अण्णा सहज वर गेले! ठसका नाही, काही नाही. दोनदा गेले. पुढच्या बायका डोळे पुसत होत्या. स्क्रीनवर काळी चारच दिसत होती, मी कीबोर्डला बोटही लावलं नव्हतं.

टाळ्या संपल्यावर काशिनाथकाकांच्या बायकोने, काकूंनी मला कोपऱ्यात ओढलं. लोणी काळभोरहून मुद्दाम आल्या होत्या.

"पोरी, काळी तीन द्यायचं तुला कुनी सांगितलं गं?"

"काकू, काळी चारच होती."

"मला नको शिकवू. जलम गेला माझा त्या पेटीशेजारी. आमचं मालक बी शेवटी शेवटी अण्णांना काळी तीनच द्यायचे. त्यांना वाटायचं काळी चार हाय. मला म्हनायचे, बोलू नको, तो गायचं सोडंल."



मंडळाने कॅसेट भरली होती. ती घरी ट्यूनरवर तपासली – सुरुवातीपासून काळी तीन. कॅसेट हळू फिरली म्हणावं तर लयही उतरायला हवी, ती होती तेवढीच. फाइल मात्र काळी चार. घरी कितीदा वाजवली – काळी चार. अख्खा कॉम्प्युटर पुन्हा हॉलमध्ये नेऊन वाजवला. काळी चार! आमच्या भाषेत अशा बगपुढे 'नॉट रिप्रोड्युसिबल', म्हणजे पुन्हा घडवून दाखवता येत नाही, असं लिहून मोकळं होतात. मला होता आलं नाही.

त्या जयंतीच्या संध्याकाळी अण्णा खूप दिवसांनी पोटभर जेवले होते. म्हणाले, "बघितलंस? काळी चार. उगाच उतरवायला निघाली होतीस."

"हो अण्णा," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी ते पुन्हा गायला तयार झाले, तेव्हा सेटिंगमध्ये मी माझ्या हाताने काळी तीन केली. तेव्हापासून दर वर्षी करते. स्क्रीन त्यांच्याकडे वळू देत नाही.

त्या पहिल्या दिवशी कुणी केली, ते मला आजही माहीत नाही. अण्णा हा फोरम वाचत नाहीत. तुमच्यापैकी कुणी त्यांना ओळखत असेल, तर कृपा करून गप्प बसा.