टायरातलं दूध

आमचे हे गेले, तोवर त्यांना हे कळलं नाही. लेकींनाही नाही. तुम्हाला का सांगतेय — मला तरी कुठं ठाऊक?

परवा नातीनं रेसच्या सायकलीच्या टायरात बाटलीतलं पांढरं औषध घातलं. हळूहळू जाणारी हवा थांबते म्हणे. मला हसूच आलं. आमच्याकडं त्यासाठी दूध होतं! निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन दहाएक वर्षं झाली असतील. बाळूभाऊजींच्या, म्हणजे धाकट्या दिराच्या, रेसच्या टायरात ट्यूब शिवलेली असायची — सुईएवढ्या भोकासाठी उसवायचं कुठं? मग निरसं दूध आत सोडायचं. ते भोकाशी थिजायचं, हवा थांबायची. आठवड्यानं असा आंबूस वास सुटायचा, की सासूबाई विचारायच्या, “सायकलीत कढी केली का रे?”

खुलताबादच्या शर्यतीच्या सकाळी आमचे मिटमिटा गावचे गवळी, दगडूमामा, मुद्दाम वेगळा तांब्या घेऊन आले. “बाळूभाऊच्या टायरासाठी हाय. थेंब पाण्याचा नाय.”

तांब्या माझ्या हातात. आणि मला — कसं सांगू? — चहाची लई तलफ आलेली. नुसत्या दुधाचा चहा तोवर मी कधी प्यालेच नव्हते. अर्धा तांब्या त्यात गेला. चव अजून जिभेवर आहे, बघा.

मग तांब्या पुन्हा भरला. कशानं, ते कळलंच असेल.

घाटात भाऊजींची हवा गेली. पहिले होते — सायकल ढकलत घरी आले. “वहिनी, दूध नव्हतंच ते, पाणी होतं!”

दुसऱ्या दिवशी ओट्यावर सगळ्यांनी दगडूमामांना घेरलं. त्यांनी म्हशीची शपथ घेतली. मग माझ्याकडं वळले. “सूनबाई, तुम्ही बघितलंय ना दूध?”

एक ‘हो’ म्हणायचं होतं. मी काय म्हणाले? “मी काय दूध बघत बसते व्हय, मामा?”

सगळे हसले. ते नाही. दुधाच्या बरण्या उचलल्या आणि गेले. ‘पाणीवाला दगडू’ हे नाव गल्लीनं ठेवलं, मग एकेका घरानं रतीब तोडला. त्यांची सायकल आमच्या गल्लीत पुन्हा दिसली नाही.

भाऊजी पुढं शर्यती जिंकले. मीही सुखात आहे, खोटं कशाला बोलू? रोज नुसत्या दुधाचा चहा होतो.

दगडूमामांचं दूध घट्ट होतं. पाणी मी घातलं — आमच्या रांजणातलं, दोन वाट्या.