दगडात काहीतरी आहे

कासार आंबोलीजवळ रस्त्यासाठी टेकडी कापली तेव्हा एक जड, काळाकुट्ट थर उघडा पडला. आमच्या छोट्या प्रयोगशाळेत सह्याद्रीच्या काळ्या दगडात प्लॅटिनम आणि त्याच्या जातीचे धातू आहेत का, याचा शोध चालू होता. मी तिथे भूवैज्ञानिक. बावधनहून स्कूटरवर जायचे, हातोड्याने तुकडे काढायचे, पिशव्यांवर नंबर टाकायचे. जमीन ज्यांची, ते काका साठीच्या पुढचे. बांधावर बसून ते माझं काम बघत राहायचे.

फेब्रुवारीत तपासणीचा अहवाल आला. एका नमुन्यात प्लॅटिनम इतकं होतं की मी तो आकडा तीनदा वाचला. आमचे सर खुर्चीतून उठले. कुणाला बोलू नका, एवढंच म्हणाले आणि वरिष्ठांपुढच्या सादरीकरणाच्या तयारीला लागले.

दुसऱ्या दिवशी मी आणखी नमुने घ्यायला गेले. परत कशाला, असं काकांनी विचारलं. मी म्हटलं, "दगडात काहीतरी आहे असं दिसतंय, काका."

ती जमीन विकायला काढली आहे हे मला ठाऊक नव्हतं. काका आणि त्यांचे दोघे भाऊ, असे तिघे वाटणीवरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. गिऱ्हाईक आल्यावर कसेबसे एका कागदावर सह्या करायला तयार झाले होते. मी बोलले त्याच आठवड्यात काकांनी सही नाकारली. कारण सांगितलं नाही.

मग धाकट्या भावाचा मला फोन आला. दादा आणि तुम्ही मिळून काय लपवताय, असं त्याने सरळ विचारलं. पुढचा अहवाल यायचाय, एवढंच सांगून मी फोन ठेवला.

नव्या नमुन्यांत काहीच निघालं नाही. थर पातळ असेल, असं सर म्हणाले. मी पहिला अहवाल पुन्हा काढून बसले. खडकात प्लॅटिनमच्या जोडीला सहसा पॅलेडियम असतं. एक वाढलं की दुसरंही थोडंफार वाढतं. इथे पॅलेडियम शेजारच्या साध्या दगडाइतकंच होतं. असं का, याचा विचार करताना माझी नजर स्वतःच्या हातावर गेली.

जानेवारीत माझा साखरपुडा झाला होता. अंगठी प्लॅटिनमची. तो नमुना कुटला त्या दिवशी मदतनीस रजेवर होता आणि भुकटी मीच बोटांनी दाबत चाळली होती. अंगठी काढून ठेवण्याची सूचना भिंतीवर मीच चिकटवलेली. अंगठीच्या खालच्या बाजूला बारीक चरे होते. खडकातला हा धातू एक अब्ज भागांत किती भाग, असा मोजतात; डोळ्याला न दिसणारा कीसही पुरतो.

सादरीकरणाला दोन दिवस होते. मी सरांना सांगितलं. त्यांनी सादरीकरणातून तेवढा भाग काढून टाकला आणि मी सांगेपर्यंत नमुन्यांना हात लावू नका, असं बजावलं.

त्या रविवारी सकाळी मी धाकट्याला फोन करून तिघांना त्यांच्या घरी थांबायला सांगितलं. तिघेही ओट्यावर होते, तीन कोपऱ्यांत. काकांच्या तळहातांवर फोड आले होते; आठवडाभर ते एकटेच त्या थरात खणत होते. मला कुणी बसा म्हटलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"म्हंजी दादालाबी काय म्हाईत न्हवतं?" धाकट्याने विचारलं.

"नाही. मी बोलले तेवढंच."

धाकटा काही बोलायच्या आत काकांनी मान वर केली. "मॅडमनं एकच वाक्य सांगितलं हुतं. ते मी तुमाला सांगितलं न्हाई. वाटणीत त्यो तुकडा माझ्या एकट्याच्या वाट्याला येईल, असं वाटलं मला."

कुणी आवाज चढवला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली. शेवटी मधला भाऊ म्हणाला, "लिहून द्या. न्हाईतर गाव खणत बसंल." दगडात काही नाही, चूक माझी, असं मी लिहून सही केली. मधल्याने कागद वाचला आणि तो काकांच्या हातात न देता धाकट्याकडे दिला.

गिऱ्हाईक तोवर सूस गावातल्या दुसऱ्या जमिनीकडे वळलं होतं. जमीन अजून तिघांच्याच नावावर आहे. काकांनी खणलेला चर पावसाळ्याआधी धाकट्याने ट्रॅक्टर लावून बुजवला, असं पुढे कळलं. तेव्हा काका शेजारी उभे होते की नाही, हे सांगणाऱ्याला आठवत नव्हतं.

वर्षभराने सरांनी मला पुन्हा नमुने घ्यायला पाठवलं, दुसऱ्या तालुक्यात. काय सापडतंय, असं तिथल्या जमिनीच्या मालकिणीने विचारलं. अहवाल येईपर्यंत मलाही कळत नाही, असं मी सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.