उलट्या फळ्या

नोएडात एका बिल्डरने आपल्या नव्या सोसायटीच्या हिरवळीवर जुनी आगबोट आणून ठेवली, त्याच वर्षी बाबांची नजर जायला लागली. बोट रेल्वेची, बिहारमधल्या गंगेवर प्रवासी पार करणारी होती. दोन्ही अंगांना माणसापेक्षा उंच चाकं, त्यांच्या आऱ्यांना लाकडी फळ्या. फळ्यांनी पाणी मागे लोटायचं की बोट पुढे. बाबा रेल्वेत फिटर. नदीवर पूल होईपर्यंत उमेदीची सगळी वर्षं त्यांनी याच बोटीवर काढली होती. पेपरात फोटो आला आणि त्यांनी हट्टच धरला. दिल्लीतल्या द्वारकेहून दोन बस बदलून मी त्यांना घेऊन गेले.

बोट सिमेंटच्या ओट्यांवर उभी होती, वरातीच्या घोड्यासारखी नटवलेली. भोवती अर्धवट टॉवर, नदीचा पत्ता नाही. मी कॅमेरा काढला, तर बाबा चाकासमोर थिजलेले.

"बिल्कुल उलट्या लावल्यात फळ्या."

मग मला समजावलं. फळी आऱ्याच्या अशा बाजूला हवी, की पाण्याचा जोर तिला आऱ्यावरच दाबेल. इथे ती नेमकी दुसऱ्या बाजूला, म्हणजे सगळा जोर बोल्टांवर. "नदीत सोडली तर फळ्या निखळतील. आणि लोक म्हणतील, आम्हीच अशा लावल्या होत्या."

तिथला मॅनेजर हसला. "अंकल, इसको चलना थोड़ी है!"

मलाही हसू आलं होतं, हे आज कबूल करते.

बाबांनी मात्र डोक्यातच घेतलं. आकृत्या काढून अर्ज लिहिले, मी ते ऑफिसातून फॅक्स केले. कोणी उत्तर देईना. रोज मी घरात पाऊल टाकलं की एकच प्रश्न, "काही कळलं का?" मी वैतागून चपला भिरकावायचे. तोवर डॉक्टरांनी सांगून टाकलं, साखरेने डोळे गेले, आता इलाज नाही. बाबा भिंत चाचपत चालायला लागले. जेवण अर्ध्या पोळीवर आलं. एकदा म्हणाले, "दिसत नाही तर नाही, पण ते नीट झालंय एवढं कळू दे. मग मी मोकळा."

मी रजा टाकून नोएडा गाठलं. मॅनेजरच्या हातापाया पडले. सुतार मी आणते, म्हटलं. तो म्हणाला, "मैडम, हेड ऑफिस से पूछिए।" हेड ऑफिस म्हणालं, साइटवर विचारा. तिथेच बोटीच्या पायरीवर बसून मी भरदिवसा मोठ्याने रडले. गार्डने पाणी आणून दिलं. मला कळून चुकलं होतं की हे होणार नाही, आणि बाबा हाच प्रश्न घेऊन जाणार.

घरी येऊन मी सांगितलं, "बाबा, केलं त्यांनी. सगळ्या फळ्या फिरवल्या."

ते ताठ बसले. दोन पोळ्या मागून खाल्ल्या. मग म्हणाले, "मला ने. हात लावून बघतो."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ऊन आहे, ऑफिस आहे, किती दिवस टाळणार? शेवटी नेलं. एखाद्या चाकाची एखादी तरी फळी योगायोगाने सरळ लागलेली असेल, अशी वेडी आशा धरून मी त्यांचा हात आऱ्यावर ठेवला.

त्यांची बोटं आऱ्यावरून फळीवर गेली, फळीवरून बोल्टावर. थांबली. मग पुढचा आरा. मग त्याच्या पुढचा. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं.

बाबांनी फळीवर दोनदा थोपटलं आणि रुमालाला हात पुसले.

"छान लावल्यात," ते म्हणाले. "आता अर्ज नको करूस कुठे. दमलीस तू."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधीच विचारला नाही. संध्याकाळी कुलपात किल्ली फिरवताना मी वाट बघायचे, आज तरी विचारतील.