पत्रे फाडणारी मुलगी

मला बघायला चांदवडहून मंडळी आली होती: मुलगा, त्याचे वडील आणि आई. माझ्या आईने आधीच बजावलं होतं, "इंजिनिअर आहे एवढंच सांग. पुढचं नको."

पण मुलाच्या आईने पोह्यांचा पहिला घास घेतला आणि विचारलं, "सातपूरला नेमकं काय काम करती गं तू?"

"पातळ पत्रे फाडते," मी म्हणाले.

माझ्या आईने डोळे मिटले.

सावरायला म्हणून मी वेफर्सचं पाकीट उचललं. "हे बघा, नुसतं ओढून फाटत नाही. पण काठावर जरा चीर पाडली की..."

पाकीट उभंच्या उभं फाटलं आणि वेफर्स मुलाच्या वडिलांच्या मांडीवर.

"तसाच चिरलेला पत्रा किती जोरापर्यंत तग धरतो, ते आम्ही मोजतो," मी घाईघाईने वाक्य पुरं केलं.

वडील शर्ट झटकत होते. बाई मात्र पुढे सरकल्या. "मला बघायचंय हे."

साहेबांची परवानगी काढून मी त्यांना एका शनिवारी लॅबमध्ये नेलं. मुलगाही आला. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला मधोमध बारीक चीर पाडून तो मशीनमध्ये घट्ट पकडला. ओढताना पातळ पत्रा सुरकुततो, म्हणून चिरेपुरती फट ठेवून दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या लावल्या. बाईंना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि जोर वाढवला.

"सरकली!" त्या ओरडल्या. मी चिरेची लांबी मोजली. "आता थांबली की. का गं?"

"पुढे जायला तिला आणखी जोर हवाय. पत्रा अडवतोय."

"शाब्बास रे पत्र्या!"

मग तेच चाललं. मी जोर वाढवायचा, चीर केसभर सरकायची, थांबायची, आणि बाई फडातली कुस्ती बघावी तशा पत्र्याच्या बाजूने हातवारे करायच्या. शेवटी चीर थांबेना. फाडकन आवाज झाला, पत्र्याचे दोन तुकडे झाले. वळून बघते तर मुलगा दाराबाहेर, कानांवर हात ठेवून उभा.

"लय झुंजला बिचारा," बाई म्हणाल्या. क्षणभर मला वाटलं, मुलाबद्दलच बोलताहेत.

काही दिवसांनी नकार आला. मुलाला शांत स्वभावाची मुलगी हवी होती म्हणे. मला फारसं वाईट वाटलं नाही. आम्ही दोघं एकमेकांशी धड बोललोही नव्हतो. बाईंचा फोन मात्र अजून येतो. परवा विचारत होत्या, स्टीलचा पत्रा जास्त दम धरतो का. बघायला यायचंय त्यांना.

माझी आई अजून हळहळते. "एवढी चांगली सासू हातची गेली," म्हणते. मुलाचा विषयही काढत नाही.