रेघेला रेघ

मास्तरांना चुकलेली रेघ सोसत नसे. टेलर गल्लोगल्ली असतात, पण पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाला असा खिसा लावावा की आपण खिशात आहोत हे रुमालालाही कळू नये, ही कला त्या भागात एकट्या मास्तरांची. चहाला कुठे बसले तर आधी टेबलावरच्या कापडाच्या रेघा टेबलाच्या कडेला लावून घ्यायचे आणि मगच कपाला हात. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी त्यांचे पडदे सरळ करून परत यायचे. लोक बोलावताना जरा विचार करत.

अशा माणसाच्या घरात लेकीनं गाड्या पळवायचा गेम आणला. लेक कॉम्प्युटर दुरुस्त करणारी. एक कॉम्प्युटर तिनं दुकानामागच्या खोलीत मांडला आणि दुसरा त्या खोलीसमोरच्या माडीवर, आत्याकडे. आत्या म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेली, अख्ख्या गल्लीची अक्का. दोन्ही खिडक्या समोरासमोर, त्यामुळे शर्यत नेटवरून आणि भांडण खिडकीतून, अशी छान सोय झाली. दुपारी दुकान बंद केलं की मास्तर खुर्चीत बसत आणि प्रत्येक वळणाला खुर्चीसकट कलत. कधी अक्का जिंके, कधी मास्तर. हरलेला माणूस संध्याकाळपर्यंत खिडकी लावून घेई.

एकच खोड होती. गाडी जोरात वळली की पडद्यावरचं चित्र आडवं कापल्यासारखं सरके. विजेच्या खांबाचं वरचं अर्धं इकडे, खालचं अर्धं बोटभर तिकडे. मास्तरांनी पडद्यावरून तळहातसुद्धा फिरवून पाहिला, सुरकुती काढावी तसा.

“हा खांब कुणी जोडलाय?” ते लेकीला म्हणाले. “कुणी अशी बाही जोडली असती तर मी उसवायला लावली असती.”

“अरे, रस्ता बघ,” समोरून अक्का म्हणाली. “खांबाला शर्ट शिवायचाय का तुला? मी निम्मं आयुष्य तडा गेलेल्या काचेतून रस्ता बघितलाय.”

लेकीनं हसत सेटिंगमध्ये जाऊन ‘व्ही-सिंक’ नावाचं काहीतरी चालू केलं. “आता नाही फाटणार चित्र,” म्हणाली. आणखीही काही सांगणार होती, पण फोन वाजला आणि ती बोलत बोलत बाहेर निघून गेली.

खांब सरळ झाला. मास्तरांना इतका आनंद झाला की पहिली शर्यत त्यांनी खांब न्याहाळण्यातच घालवली. दुसरी मनापासून खेळले आणि थेट समुद्रात गेले. तिसरीत कोंबड्यांच्या खुराड्यात. पुढचे चार दिवस तेच. डोळ्याला वळण दिसे, बोट हले, आणि गाडी मात्र चार घरी विचारपूस करून आल्यासारखी उशिरानं वळे.

आता गाडीला दोष द्यावा, तर नाचता येईना अंगण वाकडं, हे मास्तरांनी हाताखालच्या प्रत्येक कारागिराला जन्मभर ऐकवलेलं. स्वतः कुठल्या तोंडानं म्हणणार? त्यांनी मुकाट्यानं मनाशी ठरवलं, आपलेच हात मंदावले.

ही गोष्ट एरवी हसण्यावारी गेली असती. पण टेबलावर लेकीच्या कोटाचं कापड पसरलेलं होतं. तिला थंडीच्या गावी नोकरी लागली होती आणि त्याच आठवड्यात निघायचं होतं. रुंद पट्ट्यांची लोकर, जेमतेम एका कोटापुरती. एक काप चुकला की कोट संपला. मास्तरांनी कात्री फडक्यात गुंडाळली.

“पलीकडच्या टेलरकडे टाक हे,” ते म्हणाले.

“त्याच्याकडे? त्यानं लावलेला खिसा बघून तुम्ही एकदा रस्ता बदलला होता.”

“त्याचे हात तरुण आहेत.”

“मग मी कोटाशिवाय जाईन, बाबा. कुडकुडले की तुमची आठवण काढीन.”

दुपारी मास्तरांनी खिडकीही उघडली नाही, तेव्हा अक्का स्वतःच जिना उतरून आली. “जिंकण्यात गंमतच राहिली नाही,” ती म्हणाली. “हरणारा भांडायला नको?”

लेकीनं तिला कात्रीचं सांगितलं. अक्कानं भावाला खुर्चीतून उठवलं. “बघू तुझ्या गाडीला काय झालंय.”

“गाडीला काही नाही गं. मला झालंय.”

अक्का ऐटीत निघाली आणि त्याच वळणावर त्याच समुद्रात गेली.

“मी जन्मात कधी प्रवासी पाण्यात घातले नाहीत,” ती म्हणाली. “हा ब्रेक विचार करून लागतोय. असली गाडी मी डेपोबाहेर काढलीच नसती.”

“अक्का, नाचता येईना…”

“माझं नाचणं मला नको शिकवू. तुझं अंगणच वाकडं आहे.”

तेवढ्यात लेकीनं कपाळावर हात मारून घेतला. “व्ही-सिंक. बाबा, चूक माझी. पडदा चित्र वरून खाली रंगवत आणतो. पहिलं पुरं व्हायच्या आत दुसरं आत घुसलं की वरचा तुकडा एकाचा आणि खालचा दुसऱ्याचा. व्ही-सिंक त्या दुसऱ्याला दाराशी थांबवतं. चित्र अखंड दिसतं, पण तुम्ही मारलेलं वळणही दाराशीच ताटकळतं. त्यात हा कॉम्प्युटर जुना. तुमचा हात वेळेवरच होता.”

“म्हणजे खांब सरळ हवा तर गाडी उशिरा, आणि गाडी वेळेवर हवी तर खांब मोडका?”

“या कॉम्प्युटरवर तरी तसंच.”

“मोड खांब,” मास्तर म्हणाले.

तिनं ते बंद केलं. मास्तर बसले, समुद्राचं वळण आलं, बोट हललं आणि गाडी कठड्याला घासता घासता सुरेख वळली. खांब कमरेत मोडला होता. इतका देखणा खांब मास्तरांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ते खदखदा हसले, खुर्चीसकट डावीकडे कलले आणि या खेपेला पडलेच. शर्यत तशीच सोडून उठले आणि फडकं सोडून कात्री काढली.

“अक्का, कापडाचं टोक धर. आणि हलू नकोस.”

“मी बस हाकत होते, मास्तर, तुझी शिकाऊ पोर नव्हते,” अक्का म्हणाली, पण टोक धरलं.

कात्री चालली ती मागेपुढे न बघता. निघायच्या दिवशी लेकीनं कोट घातला आणि किल्ली ठेवायला खिशात हात घालू गेली. हात कोटावरून खाली आला, वर गेला, पुन्हा खाली आला. पट्ट्याला पट्टा असा बसला होता की तिला स्वतःचा खिसा सापडेना. मास्तर कपाटाला टेकून गालात हसत होते आणि अक्का खिडकीतून सांगत होती, “अगं, जरा डावीकडे… तिथे नाही, अजून डावीकडे.”